परसातील लिंबोणीचे दुखणे

पेण तालुक्यातील जोहे हे गाव लहान आहे. परंतु भाद्रपद महिना आला म्हणजे त्या गावाच्या हातचे काम मुंबई-पुण्याच्याच नव्हे, तर समुद्रापलीकडील मराठी घरांतही पाटावर विराजमान झालेले असते. जोहे, हमरापूर आणि त्यांच्या शेजारची गावे ही गणपतीच्या मूर्तींची गावे होत. येथे घराच्या पडवीत मूर्ती, ओट्यावर मूर्ती, अंगणातील मांडवात मूर्ती. आणि या सर्व पसाऱ्याच्या मागे, न्हाणीच्या वाटेवर किंवा विहिरीच्या कडेला, कोकणातील कोणत्याही गावाप्रमाणे कागदी लिंबाचे एखादे झाड असावयाचेच. त्यास कोणी मुद्दाम खत घातलेले नसते, आळे केलेले नसते. वरणभातावर पिळावयास लिंबू हवे झाले, की घरातील मुलाला मागील दारी पिटाळावयाचे, एवढाच त्या झाडाशी घराचा व्यवहार.

हा व्यवहार एक दिवस अडतो. चैत्र-वैशाखात, सरबताला लिंबू हवे असते नेमके तेव्हाच, कोणाच्या तरी लक्षात येते की झाडाची पाने काळी पडली आहेत. पाने धुराड्यावर धरल्यासारखी काळी आणि हात लावला तर चिकट. पुढे पाऊस लागला की पानांवर व फळांवर तपकिरी खडबडीत फोड दिसू लागतात. मग घरात निदान होते, "झाडाला बुरशी आली." या निदानानंतर दोनच उपचार सुचतात. एक, कोयता घेऊन झाड बुंध्यापासून तोडणे. आणि दुसरा, बाजारात जाऊन दुकानदार देईल ते जहाल औषध आणून झाडावर ओतणे. मुंबईतील सज्जात पिंपात लावलेल्या लिंबोणीच्या बाबतीतही हेच घडते. फक्त तेथे कोयत्याऐवजी कचऱ्याची पेटी असते.

दोन्ही उपचार सारखेच उतावळे आहेत. याचे कारण असे, की लिंबोणीवर ज्यास आपण बुरशी म्हणतो ती पुष्कळदा बुरशी नसतेच. आणि जेथे ती खरोखर बुरशी असते, तेथे बहुधा मूळ रोग ती नसते.

प्रथम त्या काळ्या पानांकडेच पाहावे. एक पान तोडून त्यावरून ओला अंगठा जरा जोराने फिरवावा. काळा थर निघून येतो व खाली हिरवेगार, धडधाकट पान दिसते. कधी कधी तर तो थर कागदाच्या पापुद्र्यासारखा अखंड सुटतो. ही काजळी खरोखरच बुरशी आहे, यात शंका नाही. परंतु ती पानाच्या आत शिरत नाही, पानाचा रस शोषीत नाही, पानाचे पोट फाडीत नाही. ती केवळ पानावर सांडलेल्या गोड चिकट द्रवावर जगते. तिच्यामुळे झाडाचे नुकसान होते ते एवढ्यासाठी, की ती ऊन अडविते. आणि ऊन अडले की पानाची चूल विझते. विदर्भात संत्र्याच्या बागांतून हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो व तेथील बागाईतदार त्याला 'कोळशी' असे नाव देतात. नाव मोठे अन्वर्थक आहे.

आता हा गोड द्रव आला कोठून? त्यासाठी पान उलटून पाहिले पाहिजे, आणि सगळी गोम येथेच आहे. झाडाचा मालक पान वरून पाहतो. कीड पानाच्या पाठीवर राहते. तेथे कोवळ्या शेंड्यावर हिरवट-काळा मावा दाटलेला असेल. किंवा शिरेच्या कडेने पांढऱ्या पिठाचे गोळे चिकटलेले असतील, त्यांस पिठ्या ढेकूण म्हणतात. किंवा फांदीला तपकिरी, चपटी, न हलणारी खवले चिकटलेली असतील. नाही तर पानाच्या पाठीवर बारीक काळे, काटेरी ठिपके असतील, ती काळ्या माशीची पिल्ले होत. ही सर्व मंडळी सोंड खुपसून झाडाचा रस पितात. त्या रसात साखर फार आणि पौष्टिक भाग थोडा. म्हणून पोट भरण्यासाठी त्यांना रस भरमसाट प्यावा लागतो व जादा साखर मागच्या मागे टाकून द्यावी लागते. तो हा चिकटा. वरच्या पानावरील किडीचा चिकटा खालच्या पानाच्या पाठीवर नव्हे, तोंडावर पडतो. म्हणून किडा एका पानावर आणि काजळी दुसऱ्या पानावर, असा घोटाळा होतो. काजळी पाहून बुरशीनाशक मारणारा मनुष्य, घरात पाणी गळत असता छप्पर न शिवता फरशी पुसणाऱ्या माणसासारखा होय.

या व्यवहारात आणखी एक भागीदार आहे, आणि तो सर्वांत धूर्त आहे. काजळी धरलेल्या लिंबोणीच्या बुंध्याकडे पाहिले तर मुंग्यांची रांग वर-खाली चाललेली दिसते. त्या लिंबू खावयास जात नाहीत. त्या चिकटा गोळा करावयास जातात. गवळी गाईला जपतो तशा त्या माव्याला व पिठ्या ढेकणाला जपतात, आणि त्याला खावयास येणाऱ्या दुसऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. तेव्हा मुंग्यांची वाट बंद करणे हे अर्धे औषध आहे. बुंध्याला जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर कापडाची रुंद चिंधी घट्ट गुंडाळावी व त्या चिंधीवर ग्रीस चोपडावे. सालीला ग्रीस थेट लावू नये, साल जळते. मात्र एखादी फांदी भिंतीला, मांडवाच्या बांबूला अथवा कपडे वाळत घालण्याच्या तारेला टेकलेली असेल, तर मुंग्या तो पूल वापरतात व सर्व खटाटोप फुकट जातो. जोह्यात तर मूर्तींच्या मांडवाचे बांबू आणि झाडांच्या फांद्या यांची गळाभेट नेहमीचीच. ती फांदी आधी छाटावी.

मग किडीकडे वळावे. घरच्या एक-दोन झाडांना पहिले औषध म्हणजे पाणी. नळी लावून, बोटाने तिचे तोंड दाबून, पानांच्या पाठीवर जोराची धार मारली म्हणजे अर्धाअधिक मावा जमिनीवर पडतो, आणि पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढत नाही. हे चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा करावे. तेवढ्याने भागले नाही तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल, आणि तेल पाण्यात मिसळावे म्हणून थोडा पातळ साबण घालून चांगले घुसळावे, आणि सायंकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे. भर उन्हात तेल मारले तर पान करपते. कडुनिंबाच्या निंबोळ्या हाताशी असतील त्यांनी आतला गर वाटून, लिटरला ५० ग्रॅम या मानाने रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून तो अर्क वापरावा. तो तेलाइतकाच, किंबहुना कांकणभर सरस ठरतो. प्रथम दोन-चार पानांवर मारून दोन दिवस वाट पाहण्याची सावधगिरी कोणत्याही औषधाला लागू आहे. पिठ्या ढेकूण व खवले यांच्या अंगावर मेणाचे चिलखत असते, म्हणून तेथे नुसता फवारा पुरत नाही. साबणाच्या पाण्यात बुडविलेला जुना दात घासण्याचा ब्रश घेऊन फांद्या घासाव्यात. हे काम कंटाळवाणे खरे, पण एका झाडाला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.

कीड हटल्यावर काजळीचा थर आपोआप वाळतो व पावसात धुऊन जातो. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी खळीचा प्रयोग करावा. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम मैदा कालवून, शिजवून पातळ खळ करावी, ती निवल्यावर गाळून कडक उन्हाच्या दिवशी पानांवर मारावी. वाळताना तिचा पापुद्रा सुटतो व काजळीसकट गळून पडतो. मात्र कीड जिवंत असताना हा प्रयोग केला तर पंधरा दिवसांनी पाने पुन्हा काळी.

येथे थोडे विषयांतर करून, मुंग्या ज्यांना हुसकावतात त्या मित्रकीटकांविषयी सांगितले पाहिजे. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातील संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीने उजाड होऊ लागल्या होत्या. ती कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. तेव्हा अल्बर्ट कोबेल नावाच्या कीटकतज्ज्ञास ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आले, आणि त्याने १८८८-८९ च्या सुमारास तेथून एका लाल-काळ्या ढालकिड्याच्या खेपा धाडल्या. आरंभीच्या खेपांत मिळून अवघे १२९ किडे होते. त्यांच्या वंशाने दोन वर्षांच्या आत ती कीड इतकी आटोक्यात आणली की बागाईतदारांनी फवारणीचे साहित्य अडगळीत टाकले. आपल्याकडेही पिठ्या ढेकणावर तुटून पडणारा, काळे पंख व तांबूस डोके असलेला क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा १८९८ साली बाहेरून आणला गेला व दक्षिणेत स्थिरावला. या किड्याच्या अळीची एक मौज आहे. ती स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या पांघरून हिंडते, त्यामुळे अगदी पिठ्या ढेकणासारखी दिसते आणि उत्साही गृहस्थांकडून हटकून चिरडली जाते. ओळखण्याची खूण अशी, की ढेकूण बसून राहतो आणि ही अळी चांगली लगबगीने चालते. पांढरे काही पळताना दिसले तर त्याला पळू द्यावे.

मुंग्यांच्या बाबतीत एक अपवाद सांगितल्याशिवाय न्याय होणार नाही. कोकणात ज्यांस ओंबील म्हणतात, त्या पाने शिवून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या माव्याला जपतात हे खरे, पण त्या पाने खाणाऱ्या अळ्यांचा फडशाही पाडतात. इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात, संत्र्याच्या झाडांवर सोडण्यासाठी अशा मुंग्यांची घरटी पिशव्यांत घालून बाजारात विकली जात, अशी नोंद आहे. तेव्हा झाडावर ओंबिलांचे घरटे असेल आणि काजळी नसेल, तर त्यांच्या वाटेस जाऊ नये. लिंबे काढताना त्या चावतील. तो त्यांचा चौकीदारीचा पगार समजावा.

आता पावसाळ्यातील दुखण्याकडे वळावयाचे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. अशा हवेत कागदी लिंबाचा जो खरा वैरी तो खैऱ्या. पानावर प्रथम बारीक, तेलकट ठिपका उमटतो. मग तो फुगून बुचाच्या लाकडासारखा खडबडीत होतो, मधोमध खळगा पडतो, आणि भोवती पिवळे वलय दिसते. पानाच्या दोन्ही अंगांना बोट फिरविले तर कानशीप्रमाणे लागते. फळांवर असेच फोड येऊन बाजारात त्यांची किंमत जाते. आतला रस मात्र बिघडत नाही, हे घरच्या लोकांनी लक्षात ठेवावे.

हा खैऱ्या पाहून कोणीही बुरशीच म्हणेल, आणि भलेभले तसे म्हणालेही. विसाव्या शतकाच्या आरंभी, जपानकडून आलेल्या कलमांबरोबर तो अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात शिरला, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनीही त्याला आधी बुरशीचाच रोग मानले. १९१५ साली क्लारा हासे या विदुषीने दाखवून दिले की, हे काम बुरशीचे नसून एका सूक्ष्म जंतूचे आहे. रोग मूळचा आपल्याच बाजूचा. १८२७ ते १८३१ या काळात हिंदुस्थानात गोळा केलेल्या महाळुंगाच्या वाळविलेल्या पानांवर, लंडनजवळील क्यू येथील संग्रहात, त्याचे डाग सापडले आहेत. महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातील फळ. महागणपतीच्या ध्यानातही ते बीजापूर या नावाने येते. जोह्याच्या मूर्तीच्या हातात मात्र बहुधा मोदकच असतो.

फ्लोरिडातील पुढची हकिगत जोह्याच्या परसाशी जवळची आहे. तेथे १९३३ पर्यंत झाडे जाळून हा रोग नाहीसा केला गेला. पण १९९५ साली मायामी शहराजवळ तो पुन्हा दिसला, आणि तोही घरांच्या परसांत. सरकारने नियम केला की, रोगट झाडाभोवती १९०० फुटांच्या आत असलेले प्रत्येक लिंबू-संत्र्याचे झाड, ते निरोगी दिसत असले तरी, तोडावयाचे. लोक कोर्टात गेले, दारात उभे राहून भांडले. लाखो झाडे पडली. इतके करून २००४ व २००५ सालच्या चक्रीवादळांनी जंतू दूरवर उधळले, आणि २००६ च्या जानेवारीत तो कार्यक्रम सोडून द्यावा लागला. वाऱ्यावरचा पाऊस ज्याचे वाहन आहे त्या रोगाला कोयत्याने हद्दपार करता येत नाही, हे तेथे फार महागात कळले. आपल्याकडे तर तो शतकानुशतके घर करून राहिलेला आहे. तेव्हा खैऱ्या दिसला म्हणून घरचे झाड तोडणे निरर्थक आहे. शेजारच्या झाडावरून तो नव्या झाडावर येणारच. त्याच्यासह झाड फळते ठेवणे, एवढेच साध्य आहे, आणि ते पुरेसे आहे.

ते कसे? पहिली गोष्ट, छाटणी कोरड्या हवेत करावी. पावसाळ्यापूर्वी, वैशाखात, फोड आलेल्या फांद्या व आत गर्दी करणाऱ्या काटक्या काढून जाळाव्यात, म्हणजे झाडाच्या पोटात वारा खेळतो व पाने लौकर सुकतात. पावसात ओल्या झाडाला कात्री लावू नये; ओले हात व ओली कात्री रोग या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. दुसरी गोष्ट, नागअळीचा बंदोबस्त. कोवळ्या पानावर चांदीच्या तारेने नागमोडी रेघ ओढावी तशी जी खूण दिसते, ती या अळीची. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बोगदा खणीत जाते. तिचा पतंग तांदळाच्या कणीहून मोठा नसतो. हा पतंग १८५६ साली प्रथम वर्णिला गेला तो कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. अळी स्वतः फार खात नाही, पण तिने फाडलेल्या जागेतून खैऱ्याचा जंतू आत शिरतो, आणि मग ज्या पानावर चार फोड यावयाचे तेथे चाळीस येतात. ही अळी केवळ कोवळ्या पालवीवर जगते. पान जून झाले की तिचे काही चालत नाही. म्हणून भर पावसाळ्यात युरिया घालून झाडाला भलतीच पालवी आणणे म्हणजे तिला आमंत्रण देणे होय. खत द्यावयाचेच तर कुजलेले शेणखत, आणि तेही बेताने. पालवी फुटताच निंबोळी अर्काचे दोन फवारे आठवड्याच्या अंतराने, उघडीप पाहून, द्यावेत.

लिंबाच्या फुलपाखराची अळी हे दुखणे दिसावयास भयंकर, पण निस्तरावयास सर्वांत सोपे. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते, आणि डिवचली तर मानेतून नारिंगी रंगाचे दुपेडी शिंग काढून घाण वास सोडते. दोन-चार दिवसांत लहान रोप बोडके करते. ती हाताने वेचावी. औषधाची गरज नाही. हीच अळी कढीलिंबावरही येते, तेव्हा तेथेही पाहावे. ज्या गावात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारी नजर आहे, त्या गावाला पानाच्या पाठीवरचे मोहरीएवढे पिवळसर अंडे हुडकणे अवघड जाऊ नये.

खैऱ्याविरुद्ध तिसरा उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. फ्रान्समधील बोर्डो शहराजवळ रस्त्याच्या कडेची द्राक्षे येणारे-जाणारे चोरून खात; म्हणून तेथील मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे हिरवट-निळे कालवण शिंपडीत, की विषारी दिसावे. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की, आतल्या वेली केवड्याने झडून गेल्या असता या कडेच्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत. त्याने प्रयोग करून १८८५ मध्ये ही कृती जाहीर केली. चोरांसाठी केलेले औषध रोगाला लागू पडले. खैऱ्याचा जंतू बुरशी नसला तरी तांब्यापुढे त्याचेही चालत नाही. मात्र हे औषध पानावर आधी असेल तरच उपयोगी. आत शिरलेल्या जंतूला ते बाहेर काढू शकत नाही.

घरगुती कृती अशी. ५० ग्रॅम मोरचूद कुटून, प्लॅस्टिकच्या बादलीत अडीच लिटर पाण्यात रात्रभर विरघळू द्यावा. लोखंडी, पितळी किंवा ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. मोरचूद ते खातो. दुसऱ्या बादलीत ५० ग्रॅम कळीचा ताजा चुना थोड्या पाण्यात विझवून त्यातही पाणी अडीच लिटरपर्यंत भरावे. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतीत, लाकडी काठीने सारखे ढवळीत जावे. आकाशी रंगाचे मिश्रण तयार होते. त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर धरावा. खिळ्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळा राहिला आहे, अजून चुन्याची निवळी घालावी. पुट चढेनासे झाले की फडक्याने गाळून त्याच दिवशी फवारावे. शिळे मिश्रण निकामी होते. मृगाच्या आधी एक, आणि पुढे पावसाच्या उघडिपीत महिन्याने एक, असे तीन-चार फवारे पुरेत. तांबे जमिनीत साठून राहते, म्हणून त्याहून अधिक मारण्याचा हव्यास धरू नये.

जोह्यासारख्या गावासाठी येथे एक विशेष सूचना आहे. मूर्तींच्या कारखान्यात पांढऱ्या भुकटीच्या गोणी हाताशी असतात, आणि घाईत तिलाच चुना समजण्याची चूक होऊ शकते. ती भुकटी प्लास्टरची, म्हणजे भाजलेल्या जिप्समची. ती मोरचुदाची आम्लता मारीत नाही. तिच्याबरोबर केलेले मिश्रण फवारले तर मोकळ्या मोरचुदाने झाडाची पालवी एका दुपारी करपून जाईल. वर सांगितलेला खिळा हीच येथे खरी परीक्षा. तसेच मूर्ती रंगविण्याचा फवारा औषधासाठी वापरू नये; त्यातील रंगाचा व द्रावकाचा अंश पानांना बाधतो, आणि औषधाचा अंश पुढे रंगाला. शंभर-दोनशे रुपयांची साधी हातपिचकारी निराळी ठेवावी. उरलेले मिश्रण विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नये. थोडे तांबेही माशांना मारक असते.

बाजारातील जहाल कीटकनाशकांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. शेतकऱ्याला कधी ती वापरावी लागतात, आणि तो फवारणी व तोडणी यांत ठराविक दिवसांचे अंतर ठेवतो, निदान ठेवावे असा नियम आहे. परसातील लिंबाला असे अंतर कोण पाळणार? सकाळी फवारा मारला आणि दुपारी पाहुणा आला की मूल मागील दारी धावते. शिवाय मराठी घरात लिंबू नुसते पिळले जात नाही. त्याचे लोणचे घातले जाते, आणि लोणच्यात साल खाल्ली जाते. जे विष सालीवर बसले ते बरणीत मुरते. एंडोसल्फान हे एके काळी घरोघर ठाऊक असलेले औषध २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंद केले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्यांतील पुष्कळांना आपण काय फवारतो आहो याची नीट कल्पनाही नव्हती. एका लिंबोणीच्या काजळीसाठी तसली बाटली, जेथे मुले खेळतात त्या घरात आणणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. खैऱ्यासाठी माणसांची जंतुनाशक औषधे फवारण्याचा सल्लाही कित्येक जण देतात. तो तर मुळीच मानू नये, कारण त्या औषधांना दाद न देणारे जंतू निर्माण झाले तर त्यांचा त्रास लिंबाला नव्हे, माणसाला होईल.

डिंक्याची गोष्ट थोडक्यात. बुंध्याच्या तळाशी साल फुटून डिंक गळू लागला, तर दोष पानात शोधू नये. तो पायाशी आहे. न्हाणीचे पाणी अहोरात्र बुंध्याशी साचते, त्या ओलीत हा रोग साल कुजवितो. पाण्याची वाट बदलावी, बुंध्याला टेकलेली माती बाजूला ओढावी, कुजकी साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी, आणि १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना व एक लिटर पाणी यांचा दाट लेप कुंचल्याने लावावा. पेण तालुक्यात खाडीकाठची जमीन खारी आहे, आणि लिंबाला खार सोसत नाही. तेथे झाड उंचवट्यावर लावणे हाच उपाय.

राहिल्या काही खोट्या भीती. खोडावरील राखी-हिरवे दगडफुलाचे चट्टे निरुपद्रवी असतात. पानावर गंजासारखे मखमली ठिपके दिसले तर ते एका शैवालाचे, बुरशीचे नव्हेत. बोर्डोच्या फवाऱ्याने तेही मागे हटतात. पानावर पांढरी भुकटी दिसली तर भुरी रोगाचा संशय घेण्यापूर्वी कारखान्याची दिशा पाहावी. बहुधा ते प्लास्टर असते. मात्र तीही धुऊन टाकावी, कारण धुळीने माखलेल्या पानांवर कोळी किडीचे फावते.

एक दुखणे मात्र असे आहे की त्यापुढे हात टेकावे लागतात. पाने एकाच वेळी पण वेडीवाकडी, पानाच्या दोन अर्ध्या भागांत न जुळणारी अशी पिवळी पडत गेली, फळे लहान व एका अंगाने वाकडी येऊ लागली, आणि फांद्या टोकाकडून वाळत चालल्या, तर तो सिला नावाच्या बारीक किड्याने आणलेला, झाडाच्या रसवाहिन्यांत राहणारा रोग असू शकतो. त्याला घरगुती औषध नाही. तथापि असा निर्णय घरी घेऊ नये, कारण जस्ताच्या वा मॅग्नेशियमच्या कमतरतेनेही पाने पिवळी होतात. तेव्हा पिवळेपणा दोन्ही अर्ध्या भागांत सारखा असतो. फांदी तोडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, रोह्याजवळ किल्ला येथील कृषि विज्ञान केंद्रात दाखवावी. झाड काढावेच लागले, तर नवे लावताना राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या साई शरबती जातीचे रोप मागावे. ते खैऱ्याला साध्या कागदी लिंबापेक्षा अधिक दाद देत नाही.

उपचार केलेल्या झाडाकडे पाहण्याचीही एक रीत आहे. जुन्या पानांवरचे फोड कधीच मिटत नाहीत. ती पाने डाग घेऊनच गळतात. म्हणून चार दिवसांनी जुनी पाने पाहून औषधाला नावे ठेवू नयेत. गणपती गेले, मांडवाचे बांबू उतरले, पाऊस ओसरला, की दसऱ्याच्या आगेमागे लिंबोणीला नवी पालवी फुटते. ती हातात घ्यावी, उलटी करावी, आणि तिच्या पाठीवर काय आहे ते पाहावे.